जुना पीसी बंद पडायच्या आत त्याची अख्खी डिस्क एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर घ्या

जुन्या पीसीत टॅलीचा डेटा, फाँट आणि सीडी हरवलेली दोनचार सॉफ्टवेअरं असतात, आणि नुसतं कॉपी-पेस्ट केलं की फाईली येतात पण विंडोज आणि प्रोग्रॅम तिथेच राहतात. त्यासाठी क्लोनझिला वापरा, हे अख्ख्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल करणारं सॉफ्टवेअर आहे, फुकट आहे, दिसायला भयाण आहे पण काम चोख करतं.

१. विंडोज ८ किंवा १० असेल तर आधी फास्ट स्टार्टअप (विंडोज अर्धवटच बंद करणारं सेटिंग) बंद करा आणि मग नीट शट डाऊन, नाहीतर पार्टिशन (डिस्कचे सी, डी असे भाग) वाचताना नखरे होतात.

२. दुसऱ्या कंप्युटरवर रुफस नावाच्या सॉफ्टवेअरने क्लोनझिलाचा पेनड्राइव्ह बनवा. जुना पीसी ३२ बिटचा असेल तर क्लोनझिलाचं आय६८६ वालं जुनं व्हर्जन.

३. जुना पीसी पेनड्राइव्हवरून बूट करा (म्हणजे विंडोजऐवजी क्लोनझिला चालू होईल) आणि मेनूत ओळीने निवडा: डिव्हाइस-डिव्हाइस, बिगिनर, डिस्क टू लोकल डिस्क. एक्स्टर्नल एक साइज मोठीच घ्या, कारण ५०० जीबी लिहिलेल्या दोन डिस्क अगदी सारख्या निघतीलच असं नाही आणि थोडी जरी कमी पडली तरी गाडी अडते.

यूएसबी २ चं पोर्ट असेल तर तासाला साधारण १०० जीबी धरा, म्हणजे रात्री लावून झोपा. फक्त भरलेला भागच कॉपी होतो हे बरंय.

एक सांभाळा: एक्स्टर्नलवरचं सगळं पुसलं जातं, आणि स्क्रीनवर डिस्कची नावं एसडीए-एसडीबी अशीच दिसतात, त्या अक्षरांवर जाऊ नका, कंपनीचं नाव आणि साइज वाचूनच सोर्स (जुनी डिस्क) आणि टार्गेट (एक्स्टर्नल) निवडा, उलटं झालं तर मूळ डेटाच गेला. झाल्यावर एक्स्टर्नल काढून मगच पीसी चालू करा.