वारशावरून घरात दोन मतं असतील तर त्याची कथा कशी लिहायची

घराण्याच्या वारशावर कथा लिहायची म्हटलं की बहुतेक जण तेच करतात, एक जुनं जपणारा भला माणूस, एक पुण्याला जाऊन बदललेला, आणि शेवटी बदललेल्याला रडवायचं. मी पण अशा तीन लिहिल्या, तिन्ही पडून आहेत, कारण वाचणाऱ्याला दुसऱ्याच परिच्छेदात कळतं की लेखक कोणाच्या बाजूने आहे, मग तो पुढे कशाला वाचेल. तर मला आता जमायला लागलंय ते कसं ते सांगतो.

मी सोलापूरच्या पूर्व भागातला, घरात तेलुगू, गल्लीत मराठी, त्यामुळे उदाहरण तिथलंच घेतो.

सगळ्यात आधी भांडणाला एक छोटं काम द्या, ज्याला तारीख आहे. "आपण नेमके कोण" यावर दोन भाऊ सहज बोलत बसत नाहीत हो, कोणाच्याच घरात बसत नाहीत. पण पोरीच्या शाळेच्या फॉर्मवर "मातृभाषा" अशी रिकामी जागा आहे आणि फॉर्म उद्या द्यायचाय, धाकटा तिथे मराठी लिहायला जातो आणि अन्ना, म्हणजे थोरला, म्हणतो थांब बे. झालं, कथा सुरू.

आता दोघांनाही खरं कारण द्या, इथे घाई करू नका. अन्नाचं म्हणणं असं की पणजोबा तेलंगणातून विणकामासाठी इथे आले, तेव्हा ते निजामाचं राज्य होतं, आता घरातला माग गेला, जागा गेली, नारळी पौर्णिमेला आपल्या विणकर समाजाच्या मार्कंडेयाचा रथ निघतो तेवढा एक दिवस सोडला तर भाषा हेच काय ते उरलंय, ते पण फॉर्मवर खोडायचं का? धाकट्याचं म्हणणं, चार पिढ्या इथे गेल्या, तेलुगू लिपी आपल्यापैकी एकालाही वाचता येत नाही, तिकडच्या लग्नात गेलो की आपलं तेलुगू ऐकून लोक हसतात, अर्धे शब्द मराठी म्हणून, आणि जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेत संमती कट्ट्यावर देवाच्या लग्नाच्या अक्षता पडतात तेव्हा माझ्या अंगावर काटा येतो तो काय खोटा आहे? ही दोन्ही म्हणणी वाचून तुम्हाला स्वतःला ठरवता आलं नाही पाहिजे. ठरवता आलं तर ज्याचं पारडं हलकं आहे त्याला अजून एक कारण द्या.

इतिहास घालायचा मोह होतो, मला तर फार होतो. १८७७ ची जुनी मिल, १९३० चा मार्शल लॉ, सगळं एका पानात कोंबावंसं वाटतं. पण एखाद्या पात्राला वाद घालताना तो लागत असेल तेवढाच येऊ द्या. धाकटा चार हुतात्मा चौकातून जाताना म्हणू शकतो, "धनशेट्टी, शिंदे, सारडा, कुर्बान हुसेन, १२ जानेवारी १९३१ ला चौघं एकाच दिवशी फासावर गेले, तेव्हा कुणी विचारलं का घरात काय बोलता म्हणून?" आता ती तारीख त्याच्या रागाचा भाग झाली, नाहीतर निबंध होतो.

वस्तू असेल तर तिचं काम माहीत करून घ्या. शोकेसमधला धोटा, मागावर आडवा धागा नेणारा, म्हणजे नुसतं लाकूड, पण त्यात धागा गुंडाळलेली कांडी बसते, कांडी संपली की हात थांबतो, आणि ती भरून देणारी बहुतेक वेळा घरातली बाई किंवा पोर असते, हे कळलं की वस्तूसोबत माणसं येतात. घरातल्या म्हाताऱ्यांना "आठवणी सांगा" म्हणू नका, ते फक्त "लई कष्ट काढले" एवढंच सांगतात. विचारा, सकाळी माग किती वाजता सुरू व्हायचा, पगार कोणत्या वारी, खड्ड्यात पाय सोडून बसल्यावर पावसाळ्यात काय व्हायचं. मग बघा कसे बोलतात.

आणि अम्माला, या भावांच्या आईला, विसरू नका! हे मी अगदी कळकळीने सांगतोय. वारसा म्हटलं की आपण बापाकडून मोजायला लागतो, पण कांड्या तिने भरल्या, नंतर मांडीवर सूप घेऊन बिड्या वळल्या, ती भिवंडीची, तिच्या माहेरचं आडनाव या घरात कुणी घेत पण नाही. फक्त तिच्या तोंडी शहाणपणाचं भाषण देऊ नका, म्हातारी बाई आली की सगळे लेखक तेच करतात. तिला बिड्या वळू द्या, मोजायच्या असतात त्या तिला, आणि मधेच एवढंच विचारू द्या की फॉर्मात माझ्या गावाला जागा आहे का रे.

आता माझी सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट. आपली सोलापुरी जेकॉर्ड चादर, नक्षी विणलेली, उलटी केली की नक्षी तीच पण रंग अदलाबदल झालेले दिसतात, तसं पहिला ड्राफ्ट झाला की भांडणाचा तोच प्रसंग दुसऱ्या भावाच्या डोक्यात शिरून परत लिहा, छापायला नाही, आपल्याला कळायला. मी अन्नाकडून लिहिलं तेव्हा सापडलं की माग त्यानेच विकला होता, धंदा बसला त्या वर्षी, कुणालाही न विचारता. त्यानंतर त्याचं भाषेला धरून बसणं मला वेगळंच दिसलं, आधी तो नुसता हट्टी वाटत होता. हे कथेत सरळ सांगायचं नाही, भिंतीला जिथे माग होता तिथे तो कधी बसत नाही एवढं दाखवलं की पुरे.

शेवटी समेट घडवू नका, आणि जागा रिकामी पण सोडू नका, शाळा रिकामा फॉर्म घेत नाही. माझ्या कथेत धाकट्याची बायको वैतागून पेन अन्नाच्या हातात देते, "घ्या, तुम्हीच लिहा, तेलुगूतच लिहा." अन्ना चष्मा लावतो, फॉर्म मांडीवर घेतो, आणि पहिलं अक्षरच त्याला येत नाही. अम्माच्या बिड्या मोजण्याचा आवाज तेवढा चालू. तिथे मी थांबलो.