जुना फुलर गिअरबॉक्स आणि ताकदवान इंजिन: जोडी जमवताना या चुका टाळा

अमेरिकन ट्रकमधलं थकलेलं कमिन्स एनटीसी इंजिन उतरवून त्या जागी कमिन्सचंच एन-14 किंवा कॅटरपिलर 3406ई चढवताना सगळं लक्ष इंजिनाकडे जातं. मागे ईटन फुलरचा जुना 13 गिअरचा बॉक्स तसाच राहतो. चढावर भरल्या गाडीला ओढ मस्त येते, आणि थोड्याच दिवसांत बॉक्स बोलायला लागतो.

हॉर्सपॉवर पाहून निर्णय घेणं

सगळ्यांत महाग पडणारी चूक हीच. गिअर, शाफ्ट आणि स्प्लाइन (शाफ्टवरच्या लांब खाचा) मोडतात ते टॉर्कमुळे, म्हणजे पिळण्याच्या जोरामुळे. एन-14 चं 525 हॉर्सपॉवरचं रेटिंग 1200 आरपीएमलाच 1850 पाउंड-फूट टॉर्क देतं, म्हणजे सुमारे 2500 न्यूटन-मीटर. आता बॉक्सवरची पट्टी घासून नंबर वाचा. समजा तो आरटीओ-12513 आहे. इथे आरटीओचा परिवहन कार्यालयाशी संबंध नाही: आर म्हणजे रोडरेंजर, टी म्हणजे दोन काउंटरशाफ्ट, ओ म्हणजे ओव्हरड्राइव्ह, इंजिनापेक्षा जलद फिरणारा वरचा गिअर. पुढच्या 12 ला 100 ने गुणून 50 मिळवा. बॉक्सची क्षमता निघाली 1250 पाउंड-फूट. त्यानंतरचा 5 डिझाइनचा, शेवटचे 13 गिअरचे. याच हिशोबाने आरटीओ-14613 हा 1450 चा, आरटीएलओ-16913ए 1650 चा आणि आरटीएलओ-18918बी 1850 चा.

वरच्या गिअरमध्ये हा फरक कदाचित खपून जाईल. लो गिअरमध्ये नाही. तिथलं गुणोत्तर साधारण 12.5 आहे. 1250 चे होतात 15,625 पाउंड-फूट, 1850 चे 23,125. एवढा पीळ बॉक्सच्या आउटपुट शाफ्टवर, तिथून प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसवर आणि डिफरेन्शियलवर जातो. ट्रेलरचे ब्रेक चिकटलेले असताना लोमध्ये एकदम क्लच सोडला, की बॉक्सच्या आतला मेनशाफ्ट पिळतो. लक्षण असं: स्लायडिंग क्लच (गिअरला शाफ्टशी जोडणारी सरकती कडी) जागेवर अडकतो, गिअर धड पडत नाही आणि पडला तर सुटत नाही. शाफ्ट बाहेर काढल्यावर उजेडात धरून स्प्लाइनच्या रेषेवर एका टोकाकडून डोळा लावा. रेषा सरळ जायला हवी. पिळलेल्या शाफ्टवर ती लो-रिव्हर्सच्या बाजूला किंचित तिरपी होते. असा शाफ्ट घासून परत बसवू नका, बदला.

उपाय दोनच. इंजिनाच्या टॉर्कला पुरेल असा बॉक्स लावा, नाहीतर इंजिनाचं रेटिंग खाली आणा. इलेक्ट्रॉनिक इंजिनात दुसरं काम सर्व्हिस टूलने होतं आणि कितीतरी स्वस्त पडतं. काही रेटिंगमध्ये जादा टॉर्क फक्त वरच्या दोन गिअरना मिळतो. जुन्या बॉक्ससाठी ही सोय फार मोलाची आहे. पण गाडी कोणत्या गिअरमध्ये आहे हे इंजिनाला कळायला हवं, आणि ते कळतं आउटपुट शाफ्टवरच्या वेगाच्या सेन्सरमुळे. जुन्या बॉक्सला स्पीडोमीटरची केबल असते. तिथे 16 दात्यांचं चाक आणि सेन्सरची जागा असलेलं मागचं बेअरिंग कव्हर लावावं लागतं. ते राहिलं, तर क्रूझ कंट्रोलही चालणार नाही.

जुनी क्लच प्लेट तशीच ठेवणं

न्यूट्रलला आयडलवर बॉक्समधून खडखड येते आणि क्लच दाबला की थांबते. बेअरिंग गेलं समजून बॉक्स उघडण्याआधी क्लच प्लेटच्या मधल्या स्प्रिंग तपासा. कमी आरपीएमवर जास्त टॉर्क देणाऱ्या इंजिनाचे झटके जुन्या कडक डॅम्परमध्ये, म्हणजे या स्प्रिंगमध्ये, जिरत नाहीत. ते थेट बॉक्समध्ये जातात आणि मागच्या रेंज सिंक्रोनायझरला (हाय-लो रेंज बदलताना वेग जुळवणारा भाग) मारतात. 15.5 इंची दोन प्लेटचा, इंजिनाच्या टॉर्कइतक्या रेटिंगचा आणि मऊ डॅम्परचा क्लच घ्या.

मऊ डॅम्परची स्प्रिंग मोठी असते, म्हणून फ्लायव्हीलच्या मधलं भोकही मोजा. ते 7, 8.5 किंवा 10 इंचाचं असतं. अरुंद भोकात मोठा डॅम्पर कोंबला, तर तो फ्लायव्हीलच्या बोल्टना घासतो. 14 इंची क्लचचं खोलगट फ्लायव्हील 15.5 इंचीला चालत नाही. इनपुट शाफ्ट पावणेदोन इंची आहे की दोन इंची, तेही कॅलिपरने पाहा. पायलट बेअरिंग (इनपुट शाफ्टचं पुढचं टोक धरणारं) नवंच घाला.

गेज न लावता बॉक्स चढवणं

बोल्टची भोकं जुळली म्हणजे मध्य जुळला, असं नाही. फ्लायव्हीलचा पृष्ठभाग, फ्लायव्हील हाउसिंगचा पृष्ठभाग आणि हाउसिंगचं भोक या तिन्हींवर डायल गेज लावून क्रँक फिरवा. फरक 0.008 इंचाच्या आत हवा, पायलट बेअरिंगच्या भोकात 0.005 च्या आत.

चढवताना बॉक्सचं वजन क्षणभरही इनपुट शाफ्टवर लटकू देऊ नका, प्लेटचा हब वाकतो. शेवटचा अर्धा इंच राहिला आणि बॉक्स पुढे सरकत नसेल, तर बोल्ट आवळून ओढू नका. हाउसिंगचे कान तुटतात. मागे घ्या, स्प्लाइन जुळवा, पुन्हा सरकवा. नंतर रिलीज बेअरिंग आणि क्लच ब्रेक (इनपुट शाफ्ट थांबवणारी चकती) यांच्यात अर्धा ते 9/16 इंच, बेअरिंग आणि फोर्कमध्ये 1/8 इंच अंतर ठेवा. इंजिनाची लांबी बदलली असेल, तर प्रोपेलर शाफ्टचे कोनही मोजा. दोन्ही टोकांच्या जॉइंटच्या कोनांत एका अंशापेक्षा जास्त फरक नको.

जुनंच गुणोत्तर चालवणं

जुन्या 13 स्पीडचा वरचा गिअर 0.87. मागे 4.11 चा डिफरेन्शियल आणि मैलाला 500 फेरे घेणारा टायर असेल, तर ताशी 60 मैलांना इंजिन जवळजवळ 1790 आरपीएमवर फिरतं. एन-14 चा खरा जोर त्याच्या बराच खाली आहे, म्हणजे डिझेल फुकट जातं. 0.73 चा वरचा गिअर असलेला बॉक्स लावला, की तोच वेग 1500 वर मिळतो. मोठ्या क्षमतेचा बॉक्स घेण्याचं हे दुसरं चांगलं कारण.

कूलर आणि तेल विसरणं

399 हॉर्सपॉवर किंवा त्याहून मोठं इंजिन आणि ओव्हरड्राइव्ह बॉक्स अशी जोडी असेल आणि गाडीचं भारासह एकूण वजन 90,000 पाउंडांच्या वर जात असेल, तर ऑइल कूलर लावायलाच हवा. 1500 पाउंड-फूटच्या वरही तसंच. तेल सतत 120 अंश सेल्सियसच्या वर राहिलं, की त्याचं आयुष्य झपाट्याने घटतं. बॉक्समध्ये सुमारे 13 लिटर तेल बसतं. डिफरेन्शियलचं 80डब्ल्यू-90 तेल यात ओतू नका. एसएई 50 चं सिंथेटिक ट्रान्समिशन तेल वापरा. पातळी भरण्याच्या भोकाच्या खालच्या कडेला लागली पाहिजे. बोटाला तेल लागलं एवढ्यावर समाधान मानू नका.

पहिल्यांदा तेल काढताना ड्रेन प्लगच्या चुंबकावरचा मळ कापडावर पुसून पाहा. बारीक करडा लगदा नेहमीचा. चमकदार पापुद्रे किंवा सुईसारखे तुकडे निघाले, तर भरलेली गाडी बाहेर काढू नका. आधी टॉप कव्हर उघडा.