लंडन ते पॅरिस: स्वस्तातले तिकीट कसे शोधावे

मुंबईहून किंवा पुण्याहून युरोपला निघणाऱ्या अनेक कुटुंबांच्या यादीत लंडन आणि पॅरिस ही दोन शहरे असतात. या दोहोंमधला प्रवास संपूर्ण सहलीतला सर्वांत छोटा टप्पा असल्यामुळे त्याचे तिकीट बहुधा सर्वांत शेवटी काढले जाते, आणि नेमके तेथेच पैसे जातात. लंडनच्या सेंट पँक्रस स्थानकातून सुटणारी युरोस्टार गाडी सुमारे सव्वादोन तासांत पॅरिसच्या गार द्यु नॉर स्थानकात पोहोचते. पण त्याच गाडीत शेजारी शेजारी बसलेल्या दोघांपैकी एकाने ५० पौंड आणि दुसऱ्याने २०० पौंड मोजलेले असणे यात नवल काहीच नाही. फरक दर्जाचा नसून तिकीट कधी आणि कोणत्या दिवसाचे काढले याचा असतो.

पहिली पायरी तिकिटाची नाही, व्हिसाची आहे. ब्रिटन शेंगेन गटात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या फ्रान्ससारख्या युरोपीय देशांच्या गटात, कधीच नव्हते, त्यामुळे भारतीय पासपोर्टवर प्रवास करणाऱ्याला ब्रिटनचा आणि शेंगेनचा असे दोन स्वतंत्र व्हिसा काढावे लागतात. शेंगेनसाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, ब्रिटनच्या पर्यटक व्हिसासाठी मात्र फक्त तीन महिने आधीपासून. स्वस्त तिकिटे त्यापूर्वीच संपू लागलेली असतात, ही आपली खरी अडचण आहे आणि युरोपीय प्रवाशांसाठी लिहिलेल्या मार्गदर्शनात ती सापडत नाही. तारखा पक्क्या असतील तर व्हिसा हातात येण्यापूर्वीच तिकीट काढावे, परंतु ते बदलता येण्याजोगे असावे, असे माझे मत आहे. युरोस्टारच्या नेहमीच्या तिकिटाची तारीख भाड्यातला फरक भरून बदलता येते; स्वस्त विमान कंपन्यांचे सर्वांत कमी दराचे तिकीट बदलायचे म्हटले की बदलाचे शुल्कच कित्येकदा तिकिटाच्या किमतीइतके होते.

व्हिसाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आधीच ठरवावी लागते, ती म्हणजे शहरांचा क्रम. पॅरिस पाहून लंडनला गेलात आणि तेथून पुन्हा रोम किंवा ॲम्स्टरडॅमला जायचे असेल, तर शेंगेन क्षेत्रात दोनदा प्रवेश होतो, आणि एकाच प्रवेशाचा व्हिसा असल्यास दुसऱ्या वेळी विमानात किंवा गाडीत चढूच देत नाहीत. म्हणून लंडन सहलीच्या अगदी सुरुवातीला किंवा अगदी शेवटी ठेवावे. त्यातून पैशांचाही फायदा होतो: मुंबई ते लंडन आणि परतताना पॅरिस ते मुंबई असे विमानाचे तिकीट एकत्र काढले, म्हणजे शोधताना ‘मल्टि-सिटी’ हा पर्याय निवडला, तर लंडन-पॅरिस प्रवास एकाच दिशेने करावा लागतो. केवळ जाण्या-येण्याचे तिकीट लंडनचे आहे म्हणून पॅरिसहून उलट फिरणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांचा एक दिवस आणि एक भाडे दोन्ही वाया जातात.

यानंतर रेल्वे की विमान हा प्रश्न येतो. येथे तिकिटावरचे आकडे समोरासमोर ठेवून उपयोग नाही; लंडनमधल्या हॉटेलच्या दारापासून पॅरिसमधल्या हॉटेलच्या दारापर्यंत जो खर्च होतो, तो कागदावर मांडावा. समजा विमानाचे तिकीट ३५ पौंडांना मिळाले. त्यात बहुधा आसनाखाली मावेल एवढीच पिशवी नेता येते. ईझीजेट या स्वस्त विमान कंपनीच्या बाबतीत ती चाके आणि मुठीसह ४५ बाय ३६ बाय २० सेंटिमीटर असावी लागते. त्याहून मोठ्या बॅगेचे पैसे वेगळे. गॅटविक, लूटन आणि स्टॅनस्टेड हे तिन्ही विमानतळ शहराच्या बरेच बाहेर आहेत, त्यामुळे तेथवरच्या रेल्वेचे भाडे वेगळे. लूटनला तर विमानतळाच्या रेल्वे स्थानकापासून टर्मिनलपर्यंतच्या छोट्या गाडीचेही वेगळे पैसे पडतात. पॅरिसला उतरल्यावर शार्ल द गोल विमानतळाहून आरईआर बी या उपनगरी गाडीने किंवा ऑर्ली विमानतळाहून मेट्रोच्या १४ क्रमांकाच्या मार्गाने शहरात यायला माणशी १३ ते १४ युरो लागतात. ही बेरीज चौघांच्या कुटुंबासाठी केली की चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणजे काय, ते समजते.

बॅगेच्या मापाबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण हा धडा आम्ही पैसे मोजून शिकलो आहोत. एका प्रवासात मावशींची बॅग मी घरी शिवणाच्या टेपने मोजली होती आणि ती मापात चोख बसत होती. मात्र मोजताना मी चाके धरली नव्हती. विमानतळाच्या दारापाशी ठेवलेल्या मापाच्या चौकटीत ती बॅग घातली, तेव्हा चाके दोन बोटे वर राहिली. मावशींनी आतल्या दोन साड्या आणि चिवड्याचा डबा काढून माझ्याकडे दिला, बॅग दाबून पाहिली, परंतु चाके काही काढता येत नव्हती. त्या दोन बोटांसाठी भरलेला दंड तिकिटाच्या रकमेहून अधिक होता. तेव्हापासून स्वस्त विमानासाठी आमच्या घरी चाकांची बॅग वापरलीच जात नाही, पाठीवरची मऊ सॅक वापरली जाते.

याउलट युरोस्टारच्या साध्या वर्गातही प्रौढ प्रवाशाला दोन बॅगा आणि एक हातपिशवी जादा पैसे न देता नेता येते, पाण्याची बाटली किंवा शँपू काढून टाकावा लागत नाही आणि दोन्ही स्थानके शहराच्या आत आहेत. म्हणून सामान असलेल्या कुटुंबाने रेल्वेला प्राधान्य द्यावे, आणि केवळ पाठीवरची पिशवी घेऊन निघालेल्या एकट्या प्रवाशाने विमानाचा विचार करावा, असा माझा ढोबळ ठोकताळा आहे. मुलांच्या वयाकडेही लक्ष द्यावे: युरोस्टारमध्ये चार वर्षांखालील मूल मांडीवर बसवून मोफत नेता येते आणि चार ते अकरा वर्षांच्या मुलांना कमी भाडे असते, तर विमानात दोन वर्षे पूर्ण झाली की स्वतंत्र आसनाचे भाडे भरावे लागते.

आता रेल्वेचे स्वस्त तिकीट प्रत्यक्ष कसे शोधावे ते पाहू. १९९४ साली खुल्या झालेल्या समुद्राखालच्या बोगद्यातून आजवर प्रवाशांसाठी एकट्या युरोस्टारच्याच गाड्या धावत आल्या आहेत. स्पर्धा नसल्यामुळे भाव मागणीप्रमाणे बेधडक चढतात. कंपनीच्या संकेतस्थळावर कमी भाड्याचे दिवस दाखवणारे कॅलेंडर असते, ते सर्वांत आधी उघडावे आणि आपल्या तारखेच्या मागचे-पुढचे तीन दिवस तपासावेत. शुक्रवारची संध्याकाळ, रविवारची दुपार, ईस्टर, नाताळ आणि शाळांच्या सुट्ट्या टाळाव्यात. मंगळवार किंवा बुधवारची दुपारची गाडी बहुधा स्वस्त असते. दोन्ही दिशांचे भाडे सारखेच असेल असे नाही. त्यामुळे क्रम उलटा करून, म्हणजे पॅरिसहून लंडनला, काय भाव पडतो तेही एकदा पाहावे. मध्यस्थ संकेतस्थळे तुलनेसाठी ठीक आहेत, पण त्यांतली काही आरक्षण शुल्क आकारतात, म्हणून खरेदी मूळ कंपनीकडेच करावी.

तारीख जवळ आली असेल आणि भाव कडाडले असतील, तर ‘युरोस्टार स्नॅप’ ही सोय पाहावी. प्रवासाच्या आधीच्या दोन आठवड्यांत रिकाम्या राहिलेल्या जागा तेथे निम्म्यापर्यंत उतरलेल्या दराने मिळतात. आपण फक्त दिवस आणि सकाळ की दुपार एवढे निवडायचे, नेमकी गाडी कोणती हे प्रवासाच्या ४८ तास आधी कळते. एकट्यादुकट्याला ही उत्तम सोय आहे, पण त्याच रात्री पॅरिसहून मुंबईचे विमान गाठायचे असेल तर तिच्या नादी लागू नये. दुसरा मार्ग लील शहराचा. लंडनहून लीलपर्यंतचे तिकीट कधी कधी बरेच कमी असते आणि तेथून पॅरिसला फ्रेंच वेगवान गाडी सुमारे तासाभरात पोहोचवते. दोन तिकिटे वेगळी असल्यामुळे मध्ये किमान दोन तासांचे अंतर ठेवावे, आणि लीलमध्ये युरोप व फ्लांद्र अशी दोन स्थानके असून पुढची गाडी दुसऱ्या स्थानकातूनही सुटू शकते, हे लक्षात ठेवावे. ती एकमेकांपासून चालत पाच-दहा मिनिटांवर आहेत.

बसचा पर्याय बहुतेक वेळा सर्वांत स्वस्त असतो. फ्लिक्सबस आणि ब्लाब्लाकार यांच्या गाड्या लंडनच्या व्हिक्टोरिया कोच स्टेशनहून निघून साधारण नऊ तासांत पॅरिसच्या बर्सी भागात पोहोचतात. रात्रीच्या बसने हॉटेलची एक रात्र वाचते खरी, परंतु इंग्लिश खाडीपाशी मध्यरात्री सर्वांना उतरवून पासपोर्ट तपासले जातात, आणि ज्येष्ठांना ती झोपमोड सोसत नाही. वेळ हाताशी असेल तर इंग्लंडमधल्या न्यूहेव्हन ते फ्रान्समधल्या दिएप बंदरापर्यंतची चार तासांची बोट हा सर्वांत देखणा मार्ग आहे. दोन्ही बंदरांना रेल्वेने जाता येते. मात्र त्यात पूर्ण दिवस मोडतो.

पैसे भरताना दोन ठिकाणी नकळत भुर्दंड बसतो. रक्कम रुपयांत भरायची की पौंडांत असे विचारले गेले, तर पौंड किंवा युरो हेच निवडावे, कारण रुपयांत रूपांतर करताना लावलेला दर बहुधा चढा असतो. शिवाय आपल्या बँकेच्या कार्डावर परकीय चलनासाठी साडेतीन टक्क्यांपर्यंत शुल्क आणि त्या शुल्कावर जीएसटी लागतो, म्हणून कमी शुल्काचे कार्ड किंवा आधीच परकीय चलन भरून ठेवलेले फॉरेक्स कार्ड वापरावे. कार्डावर परदेशी ऑनलाइन व्यवहार सुरू आहेत ना, हे बँकेच्या ॲपमध्ये आधी पाहून घ्यावे. तिकिटे भारतात असतानाच काढावीत. लंडनला पोहोचून स्थानिक सिम टाकल्यावर ओटीपी पुण्याच्या घरी कपाटात ठेवलेल्या सिमवर जातो, आणि तो येईपर्यंत स्वस्त जागा गेलेली असते.

प्रवासाच्या दिवशी सेंट पँक्रसला गाडीच्या किमान दीड तास आधी पोहोचावे. साध्या वर्गाचे प्रवेशद्वार गाडी सुटण्याच्या तीस मिनिटे आधी बंद होते, आणि फ्रान्सची पासपोर्ट तपासणी लंडनमध्येच होत असल्यामुळे रांग मोठी असते. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन सीमांवर शिक्क्याऐवजी संगणकीय नोंदणी टप्प्याटप्प्याने लागू झाली असून पहिल्या खेपेला तिला थोडा जास्त वेळ लागतो. खाण्याच्या डब्याचाही विचार आधी करावा: ब्रिटनमधून युरोपीय संघात मांस आणि दुग्धजन्य पदार्थ नेण्यास मनाई आहे, त्यामुळे नातेवाइकांनी प्रेमाने दिलेला साजूक तुपाचा डबा लंडनमध्येच ठेवावा. चिवडा आणि भाकरवडी मात्र खुशाल न्यावी.