जुने अवघड गेम सेव्ह स्टेटच्या मदतीने कसे पार करावेत

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात नव्वदच्या दशकात वाढलेल्या अनेकांनी टीव्हीला जोडायच्या व्हिडिओ गेमवर कॉन्ट्रा आणि मारिओ खेळलेले असतात, पण त्यांचा शेवट पाहिलेला माणूस क्वचितच भेटतो. दोष खेळणाऱ्याच्या हाताचा नव्हता. त्या कॅसेटमध्ये प्रगती जपून ठेवण्याची सोयच नसे, त्यामुळे वीज गेली किंवा जेवायला हाक आली की पुढच्या वेळी पुन्हा पहिल्या पडद्यापासून आरंभ करावा लागे. तेच गेम आता संगणकावर किंवा मोबाइलवर इम्युलेटरने, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामने, खेळताना सेव्ह स्टेट ही सोय हाताशी असते. मात्र ती कुठे वापरावी आणि कुठे वापरू नये, याचा विचार आधी करून ठेवलेला बरा.

सेव्ह स्टेट म्हणजे त्या क्षणी यंत्राच्या आत जे काही चालू आहे त्याची संपूर्ण नक्कल होय. मूळ निन्टेन्डो यंत्राची मुख्य रॅम अवघी २ किलोबाइट असल्यामुळे ही नक्कल क्षणार्धात तयार होते. रेट्रोआर्च या मोफत इम्युलेटरमध्ये एफ-२ दाबल्यावर स्थिती जपली जाते, एफ-४ दाबल्यावर ती परत येते, आणि एफ-६ व एफ-७ यांनी स्लॉट, म्हणजे स्थिती जपण्याचा क्रमांकित कप्पा, मागेपुढे करता येतो. बऱ्याच लॅपटॉपवर या बटणांनी आवाज किंवा उजेड कमीजास्त होतो, म्हणून तेथे एफएन (Fn) हे बटण सोबत दाबावे लागते. मोबाइलवर ही कामे मेन्यूमधून करावीत.

सर्वांत महत्त्वाची शिस्त स्लॉटची आहे. एकाच स्लॉटवर वारंवार जतन करणारा खेळाडू केव्हातरी नेमका मरणाच्या उंबरठ्यावर जतन करतो, आणि मग कितीही वेळा परत आणले तरी तोच मृत्यू पुन्हा घडतो. म्हणून प्रत्येक टप्प्याच्या आरंभी एक स्लॉट भरावा आणि टप्पा संपेपर्यंत त्याला हात लावू नये. सरावासाठी दुसरा स्लॉट वापरावा आणि तो हवा तितक्या वेळा पुसावा. बोटाच्या चुकीने एफ-२ ऐवजी एफ-४ दाबले गेले, तर रेट्रोआर्चच्या क्विक मेन्यूत ते लोड रद्द करण्याचा पर्यायही आहे.

कॉन्ट्राचा, म्हणजे १९८८ साली घरगुती यंत्रावर आलेल्या गेमचा, तिसरा टप्पा यासाठी चांगला नमुना आहे. तेथे धबधब्याच्या खडकांवरून वर चढायचे असते, पडदा आपल्यासोबत वर सरकतो आणि खालच्या कडेखाली पडलेला खेळाडू मरतो. येथे उडी हवेत असताना जतन करणे घातक आहे. दोन्ही पाय रुंद खडकावर टेकलेले आहेत, जवळ गोळी येत नाही आणि हातात एस अक्षराची पसरणारी बंदूक आहे, अशा क्षणी जतन करावे. मेल्यावर ती बंदूक जाते, त्यामुळे साध्या बंदुकीसह केलेले जतन पुढे बॉसपाशी, म्हणजे टप्प्याच्या शेवटच्या मोठ्या शत्रूपाशी, महागात पडते. दोघे मिळून खेळत असाल तर वर गेलेल्या गड्यामुळे पडदा सरकतो आणि खाली राहिलेला मरतो. दोघेही एकाच उंचीवर असल्याशिवाय जतन करू नये. वेळेची मर्यादा असलेल्या मारिओसारख्या गेममध्ये घड्याळाकडेही लक्ष असावे, कारण पोहोचण्यापुरता वेळ उरला नसताना केलेले जतन निरुपयोगी ठरते.

प्रत्येक उडीनंतर जतन करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तसे केल्यास शेवट दिसतो, पण हाताला काहीच येत नाही आणि पुढच्या टप्प्यावर तीच दमछाक होते. अवघड जागेच्या थोडे अलीकडे जतन करून तो तुकडा सलग दोनतीनदा बिनचूक पार होईपर्यंत घोटावा आणि मगच पुढे जावे. अपवाद निन्जा गायडेनसारख्या गेमचा. त्याच्या सहाव्या अंकात शेवटच्या बॉसकडून हरल्यास ६-१ पासून, म्हणजे त्या अंकाच्या पहिल्या भागापासून, पुन्हा चालत यावे लागते. एवढा कठोर दंड भरत बसण्यापेक्षा बॉसच्या दाराशी सरळ जतन करावे. तेथे संकोच बाळगण्याचे कारण नाही.

कधीकधी परत आणल्यावर शत्रू दर वेळी अगदी तशीच चाल करतो. जतन केलेल्या स्थितीत गेम शत्रूची चाल ठरवायला वापरतो तो यदृच्छेचा आकडाही गोठलेला असतो, म्हणून तीच बटणे त्याच वेळी दाबली की तेच घडते. अर्धा सेकंद थांबून किंवा एक पाऊल मागे घेऊन आरंभ केल्यास चाल बदलू शकते.

आणखी एक धोका झेल्डासारख्या, बॅटरीवर स्वतःची सेव्ह फाइल ठेवणाऱ्या गेममध्ये असतो. जुनी सेव्ह स्टेट परत आणली की गेमच्या आतील सेव्हसुद्धा त्या जुन्या वेळेची होऊ शकते, त्यामुळे अशा गेममध्ये दोन्ही पद्धती मिसळू नयेत. खानापूरकडे पावसाळ्यात वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो आणि डेस्कटॉपला यूपीएस नसेल तर हा प्रश्न गंभीर होतो. रेट्रोआर्च आतील सेव्ह सहसा गेम बंद करताना डिस्कवर लिहितो, म्हणून सेटिंगमध्ये सेव्हरॅमची, म्हणजे या आतील सेव्हची, आपोआप जतन होण्याची मुदत ठरवून द्यावी. सेव्ह स्टेट मात्र बटण दाबताच लिहिली जाते.

इम्युलेटरची आवृत्ती किंवा कोअर (विशिष्ट यंत्राचे गेम चालवणारा त्यातील भाग) बदलल्यावर जुन्या स्टेट उघडतीलच असे नाही. अद्ययावत करण्यापूर्वी चालू गेम आतील सेव्हपर्यंत नेऊन ठेवावा आणि स्टेटच्या फाइलींची प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये काढावी. सुट्टीत पुण्याहून मामेभाऊ आले की एकाच संगणकावर तिघेचौघे बसतात. अशा वेळी कोणाचा कोणता स्लॉट हे कागदावर लिहून पडद्याच्या कडेला चिकटवावे आणि शून्य क्रमांकाचा स्लॉट कोणालाच देऊ नये, कारण घाईत दाबलेले एफ-२ बहुधा तिथेच जाते.