होअरी पकून कसं ओळखावं: प्रेअरीतलं केशरी-पिवळं रानफूल

अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्या प्रेअरीत, म्हणजे तिथल्या गवताळ माळावर, मे महिन्यात गवत अजून वर आलेलं नसतं. अशा वेळी वीतभर-दीड वीत उंचीच्या झाडांवर जर्द केशरी-पिवळे गुच्छ दिसले, तर वाकून बघा. बहुधा ते पकून असेल. कुळ बोरेजचं, म्हणजे कासच्या पठारावरच्या निसुर्डीचंच.

आधी पाकळ्या मोजा. पाच हव्यात, आणि खाली एका अरुंद नळीत जुळलेल्या. चार असतील तर ते मोहरीच्या कुळातलं वॉलफ्लॉवर. बटरफ्लाय वीडही केशरीच, पण ते फुलतं उन्हाळ्यात, आणि त्याच्या पाकळ्या मागे वळलेल्या असतात.

मग पाकळीची कड बघा. होअरी पकूनची कड गोल, सरळ. झालरीसारखी कातरलेली असेल, रंग लिंबासारखा आणि नळी लांब असेल, तर ते फ्रिंज्ड पकून.

आता पानाला हात लावा. माझ्या मते सगळ्यात भरवशाची खूण हीच. ‘होअरी’ म्हणजे पिकल्या केसांचं. पान-खोडावर पांढुरकी लव असते, वासराच्या कानासारखी मऊ. हाताला खरखर लागली आणि पायाखाली वाळू असली, तर ते बहुतेक हेअरी पकून. मिशिगन सरोवराकाठच्या इंडियाना ड्यून्सच्या वाळूत तेच भेटतं. त्याची फुलं मोठी असतात आणि निदलं, म्हणजे पाकळ्यांखालची हिरवी दलं, सेंटिमीटरभर लांब. होअरीची साधारण त्याच्या निम्मी.

पानं बिनदेठाची, एकाआड एक, अखंड कडेची. मधली एकच शीर ठळक. कळ्यांचा तुरा विंचवाच्या नांगीसारखा वळलेला असतो. ती या कुळाचीच सवय. भिंग असेल तर नळीच्या तोंडाशी डोकवा. काही झाडांत तिथे स्त्रीकेसराचं टोक दिसतं, काहींत परागकोश. दोन्ही होअरीच, गोंधळू नका.

मुळांत लाल रंग असतो. मूळनिवासी लोक तो वापरत. ‘पकून’ हा शब्दही त्यांच्याच अल्गॉन्क्विन भाषांमधून आला. पण खात्री करायला मूळ उकरू नका, कृपा करून. प्रेअरी-राज्य म्हणवणाऱ्या इलिनॉयमध्ये मूळ प्रेअरी १ टक्काही उरलेली नाही, आणि हे झाड बियांपासून सहजी रुजत नाही.

फोटो मात्र तीन घ्या: फूल समोरून, फूल बाजूने (नळी आणि निदलं दिसतील असं), आणि पानाची लव उन्हाच्या तिरप्या उजेडात.