मुरिंगचा दोर घासतो कुठे, ते आधी बघा

वाऱ्यात यॉट मुरिंगवरून, म्हणजे तळाशी नांगरलेल्या तरंगत्या बोयावरून, सुटली की आपण वाऱ्याला दोष देतो, पण बहुतेक वेळा दोर आधीच अर्धा घासलेला असतो. जागाही ठरलेली: नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला, फेअरलीडमधून (दोराला वाट देणाऱ्या धातूच्या खोबणीतून) तो बाहेर पडतो तिथे.

नायलॉन ताणतो, म्हणून लाटेचे हिसके पचवतो. पण प्रत्येक ताणात तीच वीतभर जागा धातूवर पुढे-मागे सरकते, आणि दोर आतूनही तापतो. अनेकजण तिथे रबरी नळी चढवतात. मला ती पटत नाही, कारण नळीत पाणी शिरत नाही आणि उष्णता आतच कोंडते. जाड कॅनव्हास किंवा चामड्याचं आवरण शिवून घाला. ते भिजतं, दोर थंड राहतो. मात्र ते दोन्ही टोकांना दोराला घट्ट बांधलंच पाहिजे. माझ्या बोटीवर एका सकाळी आवरण हातभर सरकलेलं होतं आणि उघड्या जागी दोराचा एक पेड कापसासारखा पिंजला होता. तेव्हापासून दर फेरीत मी तिथे हात फिरवून पाहतो. डोळ्याला चांगला दिसणारा दोरही हाताला खरखरीत लागतो.

दुसरा दोर थोडा सैल सोडून वेगळ्या फेअरलीडमधून घ्या, म्हणजे दोन्ही एकदम झिजणार नाहीत. आणि बोयाखालच्या शॅकलची (जोडकडीची) पिन तारेने बांधलेली आहे ना, तेही पाहा. नसेल तर सततच्या हलण्याने पिन हळूहळू उलगडत जाते, वरून काहीच कळत नाही.