साखर, मीठ, गरम पाणी: विरघळण्याच्या प्रयोगात या चुका टाळा

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात एक तक्ता हमखास असतो: थंड पाणी, गरम पाणी, साखर, मीठ. खाली निष्कर्ष, ‘गरम पाण्यात पदार्थ जास्त विरघळतात.’ बहुतेक वेळा हे वाक्य प्रयोगातून आलेलं नसतं, ते आधीच पाठ असतं. प्रयोग नीट केला तर याहून खूप काही दिसतं, म्हणून हे लिहायला घेतलं.

मुख्य चूक म्हणजे ‘लवकर’ आणि ‘जास्त’ यांची गल्लत. दोन पेल्यांत एकेक चमचा साखर घातली, गरम पाण्यातली पटकन विरघळली, थंड पाण्यातलीला वेळ लागला. यातून कळला तो फक्त वेग. ढवळत राहिलात तर थंड पाण्यातला चमचाही विरघळतोच. किती मावते हे पाहायचं तर तळाशी साखर उरेपर्यंत थोडी थोडी घालत जावं लागतं. आणि साखर मावते भरपूर: २० अंश सेल्सिअसला १०० मिलि पाण्यात साधारण २०० ग्रॅम, उकळत्या पाण्यात ४८० ग्रॅमच्या आसपास. म्हणून पाणी २५ मिलिच घ्या.

मिठाचं मात्र तसं नाही. १०० मिलि पाण्यात २० अंशाला सुमारे ३६ ग्रॅम, उकळताना जेमतेम ३९. इथे मुलं घाबरतात. दोन्ही पेल्यांत जवळपास तेवढंच मीठ मावलं म्हणजे आपलंच काहीतरी चुकलं, असं वाटून वहीतला आकडा ‘दुरुस्त’ करतात. कृपा करून करू नका. तो आकडाच या प्रयोगाचा खरा शोध आहे, आणि पालकांनीही तो तसाच राहू द्यावा.

मिठाचं पाणी गढूळ दिसलं तर? पाकिटातल्या मिठात ते मोकळं राहावं म्हणून घातलेली पूड असते. ती विरघळत नाही, पाणी दुधाळ करते. पेला खिडकीपाशी धरून तळ बघा: चौकोनी कण चमकत असतील तर मीठ उरलंय, नुसता पांढरा धुरळा असेल तर ती पूड. खडेमीठ घेणार असाल तर आधी कुटून घ्या. एका पेल्यात खडे आणि दुसऱ्यात बारीक मीठ घातलं, तर वेगातला फरक तापमानाचा की कणांचा, हे सांगताच येणार नाही.

‘गरम’ एवढंच लिहू नका, अंश लिहा. पेल्यातलं पाणी ढवळता ढवळता निवतं, म्हणून तो गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून प्रयोग करा. काचेचा पेला तडकू शकतो, स्टीलचा बरा. चमच्याने मोजण्यापेक्षा वजनकाटा वापरा, आणि उकळताना पाण्याची वाफ होऊन ते कमी होतं हेही लक्षात ठेवा.

खाण्याचा सोडा या तक्त्यात घेतलात तर सांभाळून. गरम पाण्यात बुडबुडे येतात ते विरघळण्याचे नव्हेत. सोड्याचं विघटन होऊन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत असतो, म्हणजे पेल्यात आता दुसराच पदार्थ तयार होतोय.

तापमानाचा परिणाम ठळक दाखवायचा असेल तर तुरटी घ्या. कोमट पाण्यात मावेल तेवढी विरघळवा, वरचं नितळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओता आणि रात्रभर न हलवता ठेवा. सकाळी तळाशी स्फटिक दिसतील. नाही दिसले तर पाण्यात तुरटी कमी पडली असेल. थोडं पाणी आटवा, निवू द्या, आणि तुरटीचा एक बारीक खडा दोऱ्याला बांधून सोडा.

याच्या उलट वागतो चुना: विझवलेला चुना गार पाण्यात जास्त विरघळतो, उकळत्या पाण्यात त्याच्या निम्म्याहूनही कमी. त्यामुळे प्रयोगशाळेत चुन्याची निवळी करताना पाणी तापवू नका. आणि कळीचा चुना मुलांच्या हाती देऊ नका, पाणी पडताच तो प्रचंड तापतो.